पाटीचा पट्टा

सूनबाईंच्या तोंडी एक शब्द कायम असायचा, 'जरा'. आई, जरा ती किल्ली देता? आई, जरा या खुर्चीत बसू? किल्ली गेली ती परत आली नाही आणि खिडकीजवळची खुर्ची तर सुनेचीच होऊन गेली. हिसकावून घेणाऱ्याशी भांडता तरी येतं. जरा म्हणणाऱ्याशी भांडायला जावं, तर आपणच कजाग ठरतो. मोठ्या बाई हे सगळं गिळत आल्या होत्या. पण त्या सोमवारी सकाळी सून ऑफिसच्या दारात उभी राहिली आणि गोड आवाजात म्हणाली, "आई, जरा पाटी देता?" तेव्हा मात्र घास घशातच अडकला.

पाटी म्हणजे त्यांच्या शीतगृहाचा टॅब्लेट. जाडजूड, चारी कोपऱ्यांना काळं रबर. खालचा कीबोर्ड जोडला की लॅपटॉप, काढला की पाटी. ट्रकवरून पडली तरी हूं की चूं करत नसे. मोठ्या बाईंच्या नशिबी शाळेतली पाटी आली ती वर्षभरच. ती फुटली आणि तिच्याबरोबर शाळाही सुटली. ही दुसरी पाटी मात्र नवरा गेल्यापासून त्यांच्या गळ्यात पट्ट्याने लटकत होती. चारही थंड खोल्यांचे पंखे, दिवे, दारं, सगळं तिच्यात. अक्षरं बाईंना जेमतेम लागत, पण कुठलं चित्र कुठे बसतं हे त्यांच्या अंगठ्याला पाठ होतं. जाड हातमोजा घालून, नजर ट्रकवर ठेवून, पाटीकडे न बघता त्या दिवा लावत. सफरचंदं कुठे, बटाटे कुठे, कुठल्या खोलीत किती गारवा, विचारायचं तर मोठ्या बाईंना. पट्टा ज्याच्या गळ्यात, कारभार त्याच्या हातात.

"कशाला हवी?" बाईंनी विचारलं.

"ती फार दमलीय हो. चालू होईपर्यंत चहा थंड होतो. आतली जुनी ऑपरेटिंग सिस्टीम आता कंपनी सांभाळत नाही. नवी टाकून बघू म्हणते."

"म्हणजे जुनी मारणार."

"नाही, आई." सुनेने बोटाच्या पेराएवढा पेनड्राइव्ह दाखवला. "नवी यातूनच चालेल. जुनी आत जशीच्या तशी झोपलेली असेल. हा काढला की तुमचं तुम्हाला."

"वा. लग्न न लावताच नांदवून बघायचं."

कोपऱ्यातला फिटर खो खो हसला. पण बाईंचा लेक हसला नाही. तो म्हणाला, "शनिवारपर्यंत बघू. जमलं तर पाटी हिच्याकडेच राहू दे. आणि आई, तू आता घरी जरा आराम कर."

लेकही जरा म्हणायला लागला होता. बाईंनी पट्टा मानेतून काढला. मान एकदम हलकी झाली, आणि तो हलकेपणा त्यांना दिवसभर बोचत राहिला.

पहिला दिवस मात्र झकास गेला. नवी सिस्टीम हातमोजा ओळखेना. सून बोट आपटून दमली, पाटी ढिम्म. आडवी धरली की सगळी चित्रं वटवाघळांसारखी उलटी टांगली जात. बाजूची बटणं तर नुसती शोभेची. बाई दारात खुर्ची टाकून बसल्या. कानात वारं शिरलेल्या वासरासारखं त्यांना मोकळं मोकळं वाटत होतं.

"नव्या नवरीला काही येत नाही वाटतं?" त्यांनी विचारलं.

"शिकेल, आई."

"हो ना. दुसऱ्याच्या संसारात शिकायला काय जातं."

पण दुसऱ्या दिवशी सुनेने कुठेतरी खोल शिरून एक कळ फिरवली आणि पाटी हातमोजा ओळखायला लागली. मग चित्रं सुलटी झाली. मग बाजूच्या बटणांना जीव आला. सुनेने खोल्यांची चित्रं आपल्या मनाने मांडली, मोठी, ठसठशीत. वर गारवा, मध्ये पंखे, आणि उजवीकडे खालच्या कोपऱ्यात दिवा, अंगठा आपोआप पडतो तिथे. बाई लांबून बघत होत्या. न बघितल्यासारखं करून बघत होत्या, आणि तसं बघितलेलं तर जास्तच डोक्यात बसतं.

बुधवारी फिटर सुनेच्या पाटीत डोकं घालून म्हणाला, "काय झरझर चालतंय." गुरुवारी ट्रकवाल्या टकलूने आवारात शिरता शिरता हाळी दिली, "वहिनी, कुठली खोली?" वर्षानुवर्षं ज्या तोंडातून 'मोठ्या बाई' निघत होतं, त्याच तोंडातून. बाई समोर उभ्या होत्या, चांगल्या ढळढळीत. शुक्रवारी लेक दोन कप चहा घेऊन आला आणि त्याने पहिला कप सुनेपुढे ठेवला. दुसरा बाईंना दिला, पण तो दुसरा होता. बाईंनी तो पिऊन टाकला. जिभेला काय लागलं ते त्यांना कळलंच नाही.

सगळ्यांत वाईट म्हणजे सून पाटी पुसायची. मऊ फडक्याने, कोपऱ्यांतली धूळसुद्धा. बाईंनी तिला कधी पुसलं नव्हतं. आपल्या माणसाला कोण पुसतं? आणि आता ती पाटी परक्याच्या मांडीवर लाडावलेल्या मांजरासारखी चकाकत होती. घरची असून.

शनिवारी दुपारी सून जेवायला मागच्या घरात गेली. पाटी टेबलावर होती, कुशीत तो एवढासा पेनड्राइव्ह. टकलूचा ट्रक सफरचंदं न्यायला यायचा होता. संध्याकाळी लेक निकाल देणार होता, आणि निकाल काय लागणार हे भिंतींनाही माहीत होतं.

बाईंनी पाटी बंद केली. पेनड्राइव्ह उपटला, कोटाच्या खिशात टाकला आणि पाटी पुन्हा चालू केली. ती कण्हत कुंथत उठली. चहा थंड होईल इतका वेळ लागला खरा, पण उठली ती बाईंची पाटी. तोच निळा रंग, तीच बारकी चित्रं. बाईंनी पट्टा गळ्यात घातला. माहेरचं माणूस अचानक दारात यावं तसं त्यांना झालं.

ट्रक लागला. टकलू आणि हमाल सफरचंदांच्या खोलीत शिरले. बाई दारात ताठ उभ्या. नजर ट्रकवर, हातमोजा घातलेला अंगठा पाटीवर. न बघता दाबला.

आत अंधारच राहिला.

"बाई, दिवा," टकलू म्हणाला.

"लाव की भिंतीवरचा. हात नाहीत का तुला?"

त्याने भिंतीवरचं बटण दाबलं. खोकी निघायला लागली. बऱ्याच वेळाने आतून त्याचा आवाज आला, "मोठ्या बाई, इथे गळतंय. माझ्या डोक्यावरच."

"मग टोपी घाल. आरशासारखं घेऊन फिरतोस."

पण गळणं वाढलं. सून जेवणावरून धावत आली. तिने वर बघितलं. पंख्यांमागच्या नळ्यांवरचा बर्फ वितळून खोक्यांवर ठिबकत होता. तिने बाईंच्या गळ्यातल्या पाटीकडे बघितलं. निळा रंग, बारकी चित्रं, पेनड्राइव्ह नाही. उजवीकडे खालच्या कोपऱ्यात लाल ठिपका पेटलेला. जुन्या मांडणीत तो कोपरा दिव्याचा नव्हताच. तो बर्फ वितळवणाऱ्या हीटरचा होता. दिवा डावीकडे असायचा, वर. इतकी वर्षं डावीकडे वर. सुनेने हात लांबवून हीटर बंद केला.

बाई आपल्या अंगठ्याकडे बघत राहिल्या. पाच दिवस. पाच दिवस लांबून बघितलं काय आणि हा मेला फितूर झाला. सुनेच्या बाजूला जाऊन बसला, धनिणीला न विचारता.

लेक ऑफिसातून आला. "काय झालं? खोकी ओली कशी?"

सून पटकन म्हणाली, "माझंच चुकलं. त्या नव्या सिस्टीमची काहीतरी गडबड झाली."

"तरी मी म्हणत होतो," लेक म्हणाला, तो असं काही म्हणत नव्हता तरी. "असू दे मग. नको ते नवं. पाटी आईकडेच राहू दे, पहिल्यासारखी." तो टकलूबरोबर खोकी पुसायला आत गेला.

म्हणजे बाई जिंकल्या होत्या. पाटी, पट्टा, कारभार, सगळं परत मिळालं होतं. आठवडाभर ज्याच्यासाठी पोट जळत होतं ते आयतं गळ्यात पडलं होतं. आणि पोटातली आग विझायच्या ऐवजी भडकलीच.

"खोटं का बोललीस?" त्यांनी हळू विचारलं.

सून फडक्याने खोकं पुसत होती. "खरं सांगितलं असतं, तर त्यांनी तुम्हाला आजच घरी बसवलं असतं."

"तुला तर तेच हवं होतं."

"मला पाटी हवी होती, आई. तुम्हाला घरी कशाला बसवू? मग मला चुका कोण दाखवणार, तो टकलू?" तिने ओलं फडकं पिळलं. "या आवारात आल्यापासून मला एकच गोष्ट नीट जमली होती. तीही आज गेली. जाऊ दे."

बाईंना वाटलं, घ्या. किल्ली हिने घेतली, खुर्ची हिने घेतली, माझा अंगठासुद्धा फितवला, आणि आता मोठेपणाही हिनेच घ्यायचा? सुनेने दान केलेला कारभार गळ्यात घालून फिरायचं? त्यापेक्षा तो पट्टा फासासारखा आवळलेला बरा. जिंकायचं तर स्वतःच्या हाताने जिंकावं. हरायचं तर तेही स्वतःच्याच हाताने.

त्या ताड ताड खोलीत गेल्या. गार हवेत त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती.

"ऐका रे," त्या म्हणाल्या. लेक, टकलू आणि हमाल वळून बघायला लागले. "नव्या सिस्टीमची गडबड नाही. ती मी उपटून खिशात टाकली होती. हीटर माझ्या हातून लागला. कुणी हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर हसलेलं मी ऐकून घेणार नाही."

कुणी हसलं नाही. टकलूने डोकं पुसलं.

"आई, पण तू..." लेकाने तोंड उघडलं.

"तू गप. आराम करायचा तेव्हा मी करीन, तुला विचारून नाही."

बाहेर येऊन त्यांनी कोटातून पेनड्राइव्ह काढला आणि सुनेच्या तळहातावर ठेवला. मग गळ्यातला पट्टा काढला. पाटी द्यायच्या आधी एकदा बाहीने पुसली, उगीच, कोपऱ्यांपर्यंत. आपण नाही पुसत असं पाटीला वाटायला नको. सून दोन्ही हात पुढे करून उभी होती. बाईंनी पाटी दिली, पण पट्टा मुठीत धरून ठेवला.

"ही नवी बसव आत कायमची. चांगली आहे, मेली. सकाळी पाटी तुझी, गाडी लागली की माझी, आणि दिवा तिथेच ठेव, उजवीकडे खाली. आणि एक ऐकून ठेव, सूनबाई. तू लबाड नाहीस, पण मागायला घाबरतेस, आणि घाबरून मागणाऱ्याला मी काही देत नाही. पुढे माझ्याकडून काही हवं असेल तर सरळ माग. जरा म्हणू नकोस."