चेहऱ्यापुरतं

"डोळे मीट," सुवर्णा सिस्टर म्हणाल्या आणि ललिताचा डावा गाल खिडकीकडे वळवून मोजू लागल्या.

मुरमाच्या पुटकुळ्या मोजणं हेच त्यांचं गेल्या सहा महिन्यांचं काम. नाशिकच्या त्या रुग्णालयात ड जीवनसत्त्वाच्या मलमाची चाचणी चालू होती. उन्हात फुकट मिळतं ते ट्यूबमध्ये कशाला भरतात, असं त्यांच्या मनात यायचं, पण डॉक्टरांना कोण विचारणार? पन्नास मुली, प्रत्येकीला दोन ट्यूब. हिरव्या झाकणाची डाव्या गालाला, पांढऱ्या झाकणाची उजव्या. एकीत औषध, दुसरीत नुसतंच साधं मलम, आणि कशात काय हे सिस्टरांनाही ठाऊक नव्हतं. मोजून मोजून त्यांना झोपेतही चेहरे दिसत, गोदावरीत सोडलेल्या दिव्यांसारखे संथ सरकणारे. त्यांची भीती वाटत नसे, उलट मायाच वाटे.

ललिता पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये द्राक्षं निवडायची. घडातला खराब मणी कात्रीने अलगद काढायची सवय असलेली मुलगी. मलमही तितकंच काटेकोर लावायची.

"सत्तावीस," सिस्टर पुटपुटल्या. "मागच्या वेळी एक्केचाळीस होत्या. बाकी काही लावलं नाहीस ना?"

"नाय. हळदसुद्धा नाय."

"कसली हळद?"

"उज्वलाची. माझ्या धाकट्या बहिणीची. गेल्या आठवड्यात लग्न झालं तिचं."

डोळे मिटूनच ती सांगत होती. धाकटीचं आधी जमलं, कारण ललिताला पाहायला आलेले दोघेही चेहरा बघून परत गेले होते. हळदीच्या दिवशी उज्वलाने स्वतःच्या अंगची हळद थोरलीला लावायला बोटांवर घेतली, तिचंही लवकर जमावं म्हणून. आणि ललिता दोन पावलं मागे सरली.

"बाया म्हणल्या, जळती धाकटीवर. तिलाबी तसंच वाटलं. निघताना सगळ्यांच्या गळ्यात पडली, माझ्या नाय."

"अगं, पण सांगायचंस ना."

"सांगितलं की. औषधाचं हाय म्हणलं. कोण ऐकतंय?"

सिस्टरांची पेन्सिल थांबली. पहिल्या दिवशी सूचना त्यांनीच वाचून दाखवल्या होत्या, पन्नास जणींना वाचतात तशा भराभर. हळद, बेसन, काहीही लावायचं नाही. हे सगळं चेहऱ्यापुरतं आहे, एवढं सांगायचं राहून गेलं होतं. आता गप्प बसलं तर कुणाला कळणारही नव्हतं. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

"ललिता, हाताला चाललं असतं गं," त्या म्हणाल्या. "हातापायाला, कुठेही. फक्त चेहरा सोडून. मी नीट सांगितलं नाही. चूक माझी आहे."

ललिताने डोळे उघडले. मग पिशवीतून मोबाइल काढून तिने उज्वलाचा नंबर लावला आणि फोन पुढे केला.

"हे तिला सांगता? माझं नाय ऐकायची ती."

सिस्टरांनी घडलं तसं सांगितलं, दोनदा. पलीकडे सासरच्या घरात भांडी वाजत होती, ती वाजायची थांबली.

"म्हणजे ताई जळत नव्हती?" उज्वलाने विचारलं.

"नाही गं. माझं ऐकत होती."

"तिला द्या."

ललिता फोन कानाला लावून नुसती ऐकत राहिली. "हां," ती मध्येच म्हणाली. "मला नव्हतं माहीत गं." आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, "आता कशी लावशील? फिटली ना तुझी हळद. असू दे."

फोन तिने मांडीवर ठेवला. उजवा गाल मोजायचा राहिला होता. तिने आपण होऊन तो खिडकीकडे केला, डोळे मिटले, आणि मिटल्या पापण्यांखालून पाणी ओघळलं. पुसायला उचललेला हात तिने मध्येच थांबवला.

"सिस्टर, डोळ्यातलं पाणी लागलं तर चालतं का?"

"चालतं," सिस्टर म्हणाल्या आणि पेन्सिल खाली ठेवून गाल वाळायची वाट बघत बसल्या.