आम्हालाच काही विकलं नाही

भाजीबाजारात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला कोणी काही विकायला आलं, की त्याचा हात आधी खिशावर जातो. माझाही जातो. मी भातकुलीकडचा केशवराव. वांगी, मेथी, सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर पिकवतो आणि अमरावतीला आणून स्वतःच विकतो. ताजी भाजी वर आणि कालची खाली कशी लावायची, हे मला कोणी शिकवायला नको. त्यामुळे बायकोला घेऊन त्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात पहिल्यांदा पाय ठेवला आणि काउंटरमागचं काचेचं कपाट पाहिलं, तेव्हाच मी काय ते ओळखलं. दवाखान्याची पाटी बाहेर, दुकान आत.

कपाटात पिवळ्या, लाल, हिरव्या रबरी पट्ट्या होत्या, मुठीत दाबायचे चेंडू होते, दाराला टांगायची दोरी-कप्पी होती. आतून जो पेशंट बाहेर येई त्याच्या हातात डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी असे, आणि काउंटरवरची आचल लगेच कपाट उघडे. धामणगावचे मोतीराम गुडघ्यासाठी यायचे. त्यांनी एका आठवड्यात पिवळी पट्टी नेली, पुढच्या आठवड्यात लाल.

"पिवळी फाटली का?" मी विचारलं.

"नाही जी. पायात जोर आला म्हणे, म्हून आता लाल."

"आन् हिरवी कवा?"

"तेही देतीनच," म्हणून ते हसले. मला मात्र हसू आलं नाही.

माझ्या आशाबाईला सव्वा वर्षापूर्वी लकवा मारला. पाय बराचसा सुधारला, उजवा हात मात्र तसाच लोंबत राहिला. त्याच हातानं ती मेथीच्या जुड्या बांधायची. मी एका गिऱ्हाइकाशी भांडून मोकळा होईपर्यंत तिच्या दहा जुड्या बांधून व्हायच्या. हात परत येईल या एकाच आशेवर ती आठवड्यातून तीनदा काळीपिवळी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून यायची. तिचा हात यावा, आणि तेवढ्यासाठी आम्हाला कोणी लुबाडू नये, एवढंच माझं म्हणणं होतं.

म्हणून मी तयारीत राहिलो. शहरातल्या तीन दुकानांत जाऊन चेंडूचा, पट्टीचा, कप्पीचा भाव विचारून आलो. आता आचलनं कपाट उघडायचाच अवकाश होता.

पण आमच्यासाठी कपाट काही उघडेना. डॉक्टर प्रतीक्षा आशाबाईला चालवायच्या, उठवायच्या, बसवायच्या, उजवा खांदा हलक्या हातानं फिरवायच्या आणि हसून बाहेर सोडायच्या. चिठ्ठी नाही. इथे आपली डाळ शिजायची नाही, हे माझा चेहरा पाहूनच बाई समजल्या, असं मी गावात ऐटीत सांगितलंसुद्धा. मग तिसऱ्या आठवड्यात, आमच्यानंतर येऊ लागलेल्या एका बाईला चेंडू मिळाला. तिलाही लकवाच आणि हातही उजवाच. आशाबाई तिच्याकडे पाहतच राहिली.

"मले कवा देतीन वो?" तिनं मला विचारलं.

माझ्या मनात पाल चुकचुकली, पण ही पाल वेगळी होती. बाजारात आम्ही दिवसभर भाजीवर पाणी मारतो. पण जी जुडी आता जात नाही असं मनात ठरलं, तिच्यावर कोणी पाणी मारत नाही. तोंडानं कोणी तसं म्हणत नाही, फक्त तिच्याकडे हात जायचा थांबतो. लोक आपल्याला लुबाडतात याची मला सवय होती. कोणी लुबाडत नाही याची भीती मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटली. दोन दिवस वजन करताना माझं काट्यावर लक्ष नव्हतं.

शुक्रवारी आचल आशाबाईला बाहेर व्हरांड्यात चालवत होती, तेवढ्यात मी डॉक्टरांच्या टेबलापुढे जाऊन उभा राहिलो.

"आमाले काहून काही विकत नाही तुमी?"

"काय विकू, काका?"

"चेंडू, पट्टी, काहीबी! साऱ्याइले देऊन राहिल्या. आमी का पैसे बुडवणारे दिसतो?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "त्या बाईंची बोटं हलतात, काका. काकूंचं सव्वा वर्षात एकही बोट हललेलं नाही. चेंडू दाबायला थोडी तरी बोटं हलायला हवीत."

"मंग हलतीन ना?"

त्यांनी समोरची फाइल मिटली. समोरच्यानं वही मिटली की सौदा मोडला, हे मला कळतं. मी खुर्ची ओढून बसलो.

"त्यांचं चालणं अजून सुधारेल," त्या म्हणाल्या. "खांदा दुखायचा थांबेल. हाताची आशा मात्र मी तुम्हाला देणार नाही. अकोल्याच्या माझ्या सरांनाही रिपोर्ट दाखवले, त्यांचंही तेच मत पडलं. उगीच चेंडू कसा गळ्यात मारू?"

मला राग आला. त्यांनी फसवलं असतं तर आला नसता एवढा आला.

"तिले सांगतलं?"

"सोमवारी तुम्हा दोघांना समोर बसवून सांगणार आहे."

"नोका सांगू. चेंडू द्या. फसवा आमाले. मीच म्हणून राहिलो ना? दुप्पट घ्या, पण तिच्यासमोर द्या."

"घ्यायचाच असेल तर आचल देईल. चेंडूनं काही बिघडणार नाही. पण चिठ्ठी मी लिहिणार नाही, काका. आणि काकूंनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही."

मी बाहेर आलो. आशाबाई बाकावर येऊन टेकली होती. आचलनं कपाट उघडून चेंडू काढला आणि किंमत सांगितली. मी मुकाट्यानं नोटा तिच्या हातावर ठेवल्या आणि चेंडू आशाबाईच्या मांडीवर.

"पाह्य, दिला का नाही! आता रोज दाबायचा. दिवाळीपर्यंत जुड्या बांधशीन म्हणे डॉक्टरीणबाई."

तिनं चेंडूकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहत राहिली.

"भाव नाही केला तुमी?"

"दवाखान्यात का भाव करतेत?"

"माहा शेला घेतला तवा दुकानदाराशी संध्याकाळपावतर भांडले तुमी. फुटाण्याच्या पुडीचाबी भाव करता." तिनं डाव्या हातानं उजवा हात उचलून चेंडूशेजारी ठेवला. "हात गेला ना माहा?"

मी गर्रकन आचलकडे वळलो. "एवढा भाव राह्यते का चेंडूचा?" मी ओरडलो. "लूट मांडली का तुमी? कमी करा, नाही तं पैसे वापस द्या!" आचल भांबावून कपाटाला टेकली. दारात मोतीराम थबकले. मी बोटं नाचवत, घसा ताणून भांडत राहिलो, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"राहू द्या आता," मागून आशाबाई म्हणाली.