पुसता पुसता उरलेला प्रश्न

मी एक जुना डस्टर आहे. पाठीला लाकूड, पोटाला काळी लोकर, तीही एका कोपऱ्यात सुटलेली. नवा होतो तेव्हा वाटलं होतं, लहान मुलांच्या बेरजा पुसण्यात मजेत आयुष्य जाईल. पण नशिबी आली समाजशास्त्राच्या बाईंची खोली.

मित्रांनो, बाईंची एक पद्धत आहे. शोधनिबंध लिहिणाऱ्याने आपला प्रश्न फळ्यावर लिहायचा. मग मला हातात घ्यायचं आणि ज्या शब्दाचा शोध आपल्याच्याने होणार नाही, तो स्वतःच पुसायचा. बाई नुसत्या विचारत राहतात. शब्द मात्र माझ्या पोटात जातात, आणि पोरांचे पडलेले चेहरे बघून मला अपराध्यासारखं होतं.

गेल्या आठवड्यात शेवटच्या वर्षाची एक मुलगी आली. प्रश्न ठरवायचा तो शेवटचा दिवस. नाही ठरला तर वर्ष वाया. तिने ऐटीत लिहिलं, 'ध्वनिप्रदूषणाचा मानवी जीवनावर काय परिणाम होतो?'

"बापरे!" बाई म्हणाल्या. "अख्ख्या मानवजातीला रांगेत उभं करणार का गं तू?"

मुलीने ओशाळून 'मानवी जीवन' पुसलं. 'शहरातले लोक' लिहिलं, तेही पुसलं. मग लिहिलं, 'कामगार'.

"कुठले कामगार? उद्या सकाळी कोणाचं दार वाजवशील?"

"बाटल्या भरायच्या कारखान्यातले. काचेचा इतका खणखणाट असतो ना तिथे, बायका खुणांनीच बोलतात. माझी आई आहे तिथे, मी लहान असल्यापासून."

"बरं. आणि परिणाम म्हणजे नेमकं काय? झोप? डोकेदुखी? कान?"

मुलीने 'परिणाम' पुसला आणि तिचा हात फळ्यावरच थांबला. तिच्या तळव्याला फुटलेला घाम माझ्या लाकडाला लागला. मग तिने लिहिलं, 'बाटल्यांच्या कारखान्यात दहा वर्षांहून जास्त काम केलेल्या बायकांना घरी बोललेलं कितपत ऐकू येतं?'

"हा झाला प्रश्न!" बाई खूश झाल्या. "अगं, मग रडतेस कशाला?"

"आई टीव्ही मोठ्याने लावते म्हणून परीक्षेच्या दिवसांत मी खेकसले तिच्यावर. 'बहिरी झालीस का?' म्हटलं. उत्तराची वाटसुद्धा नाही पाहिली, बाई. तेव्हापासून ती आवाज बंद करून नुसती चित्रं बघते. मला वाटलं, रुसली असेल."

एरवी मी पुसलेल्या शब्दांची खंत करतो. त्या दिवशी वाटलं, 'बहिरी झालीस का?' हे तिचं एक वाक्य मला पुसता यायला हवं होतं. पण ते फळ्यावर नव्हतं.

काल ती पुन्हा आली.

"पहिली मुलाखत झाली का?" बाईंनी विचारलं.

"झाली. आईचीच. आधी मागून हाक मारली, तर वळलीच नाही. मग समोर जाऊन बसले. तर म्हणाली, 'किती दिवसांनी बसलीस गं जवळ.'"

मित्रांनो, मला अधूनमधून भिंतीवर आपटून खडूची धूळ काढलीत तर मी आणखी काही वर्षं टिकेन. पण त्याची घाई नाही. आधी घरी जा. ज्या माणसावर खेकसलात, त्याच्या समोर बसा, आणि त्याला तुमचे ओठ दिसतील असं, सावकाश विचारा.