तेरा सेंटिमीटरची वाट

डेझमंड फेअरक्लफला हेजहॉग, म्हणजे पाठीवर काटे असलेले ते छोटे निशाचर प्राणी, फार आवडत. चहाच्या मगावर हेजहॉग, पायपुसण्यावर हेजहॉग, आणि बागेत दुकानातून आणलेलं, छोट्या दाराचं लाकडी हेजहॉग-घर. याच माणसाने गुरुवारी जुनं कुंपण काढून तिन्ही बाजूंनी नवं ठोकून घेतलं, तळाला काँक्रीटच्या फळ्या लावून. घर दिलं आणि रस्ता बुजवला. देव अक्कल वाटत होता तेव्हा हा चहा पीत बसला असणार, असं शेजारच्या नेस्टा प्यूचं मत होतं.

जुन्या कुंपणाला तळाशी तेरा सेंटिमीटरचं भोक होतं. आधीच्या शेजाऱ्याला विचारून ते नेस्टानेच पाडलं होतं. गल्लीतल्या नऊ घरांत दारोदार फिरून तिने अशी भोकं पाडून घेतली होती. मैलभर हिंडल्याशिवाय या काटेरी जिवाचं पोट भरत नाही, एका बागेत त्याला काय पुरणार? बेचाळीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाढलेली बाई ती. कुणी उपाशी राहिलेलं तिला खपत नसे.

गुरुवारी संध्याकाळी ती रागाने चिठ्ठी लिहायला बसली. नवरा अल्विन म्हणाला, "जरा गोडीने लिही हं. त्याच्या शेजारी जन्म काढायचाय." तिने गोडीने लिहिलं आणि चिठ्ठी डेझमंडच्या दाराच्या फटीतून आत टाकली.

शुक्रवार गेला, शनिवारही गेला. डेझमंड कुंपणावरून हात हलवून हवेबद्दल बोलला. नेस्टा आतून धुमसत होती, पण तीही हवेबद्दलच बोलली.

रविवारी भर दुपारी ती दोरीवरचे कपडे काढत असताना कुंपणाशी काहीतरी हललं. हेजहॉग, आणि तोही उन्हात. काँक्रीटला नाक घासत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा आणि परत फिरायचा. दिवसा बाहेर दिसलेला हेजहॉग संकटात असतो, हे नेस्टा साऱ्या गल्लीला सांगत आली होती. तिने जाड हातमोजे घालून त्याला उचललं. मादी होती, आचळं दुधाने तटतटली होती. कामगारांच्या ठोकाठोकीला भिऊन ती इकडे पळाली असणार, आणि मागे वाट बंद झाली. पिल्लं पलीकडे होती. तीन दिवस.

मादीला टॉवेल घातलेल्या खोक्यात ठेवून नेस्टाने डेझमंडच्या दारावर थापा मारल्या.

"चिठ्ठी टाकून तीन दिवस झाले. वाचता येतं ना तुम्हाला?"

"वाचली की, मिसेस प्यू. इतकी छान लिहिलीत, फ्रिजवर लावून ठेवलीय. पुढच्या महिन्यात सुतार येणारच आहे, तेव्हा सांगतो त्याला." त्याने चिठ्ठी आणून तिच्यापुढे धरली.

'त्रास देतेय, माफ करा. कधी सवड झाली तर तळाशी एक छोटं भोक पाडता येईल का? मुळीच घाई नाही. कुंपण फारच सुंदर झालंय.'

अक्षर तिचंच होतं. कुंपण तिला क्षणभरही सुंदर वाटलं नव्हतं. राग तसूभर कमी झाला नाही, फक्त आता त्यातला अर्धा तिच्यावरच उलटला.

तिने मादीचं सांगितलं आणि दोघांनी त्याची बाग धुंडाळली. डेझमंडच्या अवजारांच्या शेडखाली, वाळक्या पानांत चार पिल्लं सापडली. तीन थंडगार पडली होती. चौथं चिमणीच्या पिल्लासारखं चिवचिवत होतं. जखमी हेजहॉग सांभाळणाऱ्या बाईंना अल्विनने फोन केला. त्या येऊन आईला आणि उरलेल्या पिल्लाला घेऊन गेल्या.

डेझमंड गवतातच बसून राहिला होता. "मला ठाऊक असतं तर…"

"ठाऊक कसं असणार? मी सांगितलं कुठे?" नेस्टा म्हणाली. "आणि तुम्ही तरी कसे हो? मगावर चित्रं लावता, आणि खाली वाकून एकदा बघावंसं वाटलं नाही तुम्हाला."

डेझमंड उठत म्हणाला, "उद्या सकाळी सुताराला फोन करतो."

"आत्ता," नेस्टा म्हणाली. "छिन्नी आणा. नसेल तर माझ्याकडे आहे."

एवढ्या वर्षांत कुठल्याही शेजाऱ्याशी ती अशी बोलली नव्हती. डेझमंड छिन्नी आणायला गेला, आणि ती काँक्रीटसमोर गुडघे टेकून बसली.