पाठीवरचा पांढरा चौकोन

धुळ्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा मी सांभाळतो. कोणी काय नेलं, कोणी परत आणलं, कोणी फोडून गुपचूप कपाटात ठेवलं, सगळं माझ्या वहीत असतं. माणसंही मी त्याच वहीत धरतो. प्रेमराज सर: नेतात लवकर, आणतात उशिरा. विद्यार्थिनी यास्मिन: नेते विचारून, आणते पुसून.

आपल्या फोटोखाली आपलं नाव लागावं आणि ते बघायला अब्बांनी दुकान बंद करून यावं, एवढीच पोरीची हौस. अब्बा म्हणजे नूर महंमद टेलर.

ऑक्टोबरात ती मोबाईलला लावायचं भिंग घेऊन साक्रीकडच्या टेकडीवर गेली. एरंडाच्या पानावर आरशासारखा चकचकीत हिरवा किडा बसलेला. उन्हानं फोटो पांढराफटक येऊ नये म्हणून तिनं अब्बांच्या दुकानातलं अस्तराचं पांढरं कापड वर आडोशाला धरलं. फोटो झकास आला. पाठीवर काहीतरी पांढरं दिसत होतं. पुस्तकात तसा किडा नव्हता.

"सर, नवा असेल का?"

"अगं, गल्लोगल्ली सापडतो हा! मला पाठव, तुझ्याकडचा पुसून टाक. मोबाईल उगाच भरतो."

तिनं पुसला. सरांचा शब्द ना!

डिसेंबरात प्रदर्शन भरलं. दाराएवढा फलक: 'पाठीवर पांढरा चौकोन. जिल्ह्यात प्रथमच. शोध व छायाचित्र: प्रा. प्रेमराज.'

यास्मिनचा फोटो असेल या आशेनं नूर महंमद दुकान बंद करून आले होते. फलकाजवळ जाऊन त्यांनी चौकोनावर बोट ठेवलं.

"बेटा, हे तर आपलं अस्तर. ही निळ्या खडूची फुली माझ्या हातची. मग नाव दुसऱ्याचं कसं?"

तेव्हा तिला दिसलं. तो चौकोन किड्याचा नव्हताच. चकचकीत पाठीत कापडाचं प्रतिबिंब पडलं होतं. ते सोडलं तर किडा खरंच गल्लोगल्ली सापडणारा. सर खोटं बोलायला गेले आणि खरं बोलून बसले.

ती तडक सरांकडे गेली. मी शेजारीच चहाचे कप भरत होतो.

"सर, फोटो माझा आहे."

सर हळूच म्हणाले, "तुझ्या नावानं कोण आलं असतं बघायला?"

तिनं मागे वळून अब्बांकडे पाहिलं. तरी पोरगी बोललीच, "निदान ऐका तरी सर, तो चौकोन..."

तेवढ्यात नाशिकचे पाहुणे आले. "वा! पुन्हा कधी सापडला का हा?"

"तीनदा!" सर म्हणाले. "दर वेळी हाच चौकोन."

यास्मिननं तोंड मिटलं ते मिटलंच.

सोमवारी भिंग परत आलं. पुसलेलं. डबीवर अस्तराची नीट घडी. पोरीचे डोळे सुजलेले होते, आवाज मात्र सरळ.

"आधारभाऊ, हे अस्तर सरांना द्या. चौथ्यांदा किडा सापडला तर लागेल."