काट्यावरच्या नानांचं स्टिकर

आपलं स्टिकर निघालंय हे कळलं तेव्हा तोताराम नानांना आनंद झाला होता. पुढे त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली ती त्या आनंदाची.

शिरपूरजवळच्या एका जिनिंगमध्ये नाना वजनकाट्यावर बसायचे. कापसाचा ट्रॅक्टर आला की भरलेला तोलायचा, रिकामा झाला की पुन्हा तोलायचा, चिठ्ठीचा फोटो काढायचा आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाकायचा. पूर्वी त्या ग्रुपवर चिठ्ठ्या आणि ‘शुभ सकाळ’ यापलीकडे काही नसायचं. मग ऑफिसात सगळी नवी पोरं भरली आणि ग्रुपची भाषाच पालटली. कोणी लिही ‘भाऊचा ऑरा बघा’, कोणी लिही ‘क्रिंज’, आणि साहेबांनी रविवारी कामावर बोलावलं की खाली ओळीनं कवट्या. कवट्या! पहिल्यांदा त्या पाहिल्या तेव्हा नाना जेवायला बसले होते. कोणाच्या घरी काय झालं म्हणून ते डबा अर्धा टाकून ऑफिसात धावले, तर तिथं बठ्ठी, सगळीच्या सगळी पोरं दात काढत बसलेली.

संगणकावर बसणाऱ्या हेमलतानं त्यांना समजावलं. "नाना, कवटी म्हणजे लई हसू आलं."

"अगं, मग हसरं तोंड असतं की त्यात."

"ते आता म्हातारे वापरतात," ती बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

नाना रागावले नाहीत, उलट खो खो हसले. त्या दिवसापासून चहाच्या वेळी रोज एखादा शब्द तिला विचारायचा असं त्यांचं चालू झालं. करतील काय बिचारे? बायको गुंताबाई गेल्यापासून घरी तोंड उघडायला माणूस नव्हतं, एकुलती एक मुलगी दिपमाला जळगावला फायनान्स कंपनीत नोकरीला. हेमलताही मनापासून शिकवायची. ‘रिलेट’ म्हणजे माझंही अस्संच. ‘कुक्ड’ म्हणजे शिजलो, संपलो, आता आपलं काही खरं नाही. नानांना हा शब्द फार आवडला. ओला कापूस घेऊन आलेल्या रोहिदासला ते म्हणाले, "रोहिदास, आज तू कुक्ड शे," आणि तो आ वासून बघतच राहिला.

अशात एक दिवस ऑफिसातला पिंटू काट्याच्या खोलीत डोकावून म्हणाला, "नाना, तुम्ही फेमस झाले ना भाऊ! तुमचं स्टिकर बठ्ठे वापरतात."

साहेब आणि नाना सोडून पोरांचा आणखी एक ग्रुप होता, त्यावर ते फिरत होतं. नानांना कोण आनंद! चौकात ज्याच्या-त्याच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात. नानांचा फोटो उभ्या जन्मात कुठे लागला नव्हता. शेजारच्या बेबाबाईंना त्यांनी कुंपणावरून सांगितलंसुद्धा, "माझा फोटो फिरतोय ऑफिसात." हेमलताकडे दाखव म्हणून मागितलं, तर तिचं आपलं आज नेट नाही, उद्या बॅटरी नाही. "राहू द्या ना, नाना." पोरगी उगाच लाजतेय असं समजून त्यांनी चहाच्या वेळी सगळ्यांसमोर पिंटूलाच धरलं.

पिंटूनं फोन पुढे केला. स्टिकरमध्ये नानांचं तोंड होतं. तोंड उघडं, डोळे कुठेच न बघणारे, खालचा ओठ वाकडा झालेला, कानाला फोन. खाली लाल अक्षरात ‘कुक्ड’. आणि गळ्याशी निळ्या चौकड्यांची कॉलर.

तो शर्ट नानांनी जवळपास वर्षापूर्वीच्या एका दिवसानंतर पुन्हा अंगात घातला नव्हता.

त्या दिवशी गुंताबाई धुळ्याला दवाखान्यात होती. दिपमाला तिच्यापाशी होती, आणि सीझन भरात म्हणून नाना कामावर आले होते. हो, आले होते! बायको तिकडे खाटेवर आणि हा माणूस इकडे कापूस तोलतोय. दुपारी दिपमालाचा फोन आला. "आबा, माय गयी," एवढंच ती बोलली. काट्यावर डोंगराकडच्या एका माणसाचा ट्रॅक्टर उभा होता. नानांनी तो तोलला, चिठ्ठी दिली, आणि मग साहेबांना सांगून धुळ्याची गाडी पकडली. त्याच वेळी समोर कापसाच्या ढिगावर उभा राहून पिंटू रील काढत होता. त्याच्या मागे काट्याच्या खोलीच्या काचेतून नानाही रीलमध्ये आले होते. पुढे कधीतरी फोन चाळताना पिंटूला ते तोंड दिसलं आणि त्यानं ते कापून घेतलं.

"मला वाटलं तुम्हाला साहेब झापताय," पिंटू म्हणाला. अजूनही तो हसतच होता.

"गुंता गेल्याचा फोन होता तो," नाना म्हणाले.

पिंटूचं तोंड उतरलं. त्यानं वाकून नानांचे पाय धरले. हेमलता ओढणी तोंडाला लावून रडायला लागली. तिलाही खरं माहीत नव्हतं. आपल्या नानांना हसतात एवढंच तिला खुपत होतं, आणि तरी तिनंही ते दोनदा-तीनदा पाठवलं होतं. आता रागवायचं तरी कोणावर? पोरं वाईट असती तर बरं झालं असतं. चार शिव्या हासडून नाना मोकळे झाले असते.

"माझं जाऊ द्या रे," ते म्हणाले. "पण दिपमालाला दिसता कामा नये. ती वर्षश्राद्धाला येतेय. तिनं हे पाह्यलं तर जेवायची नाही पोरगी. काढून टाका सगळीकडून."

पोरांनी खरंच जीव तोडून काढलं. स्वतःच्या फोनमधून काढलं, ग्रुपवरून काढलं, ज्याला ज्याला पाठवलं त्याला हात जोडून फोन केले. दोन दिवस बरे गेले. मग एरंडोलच्या एका व्यापाऱ्यानं कापसाचे भाव पडल्याच्या बातमीखाली तेच तोंड टाकलं. त्याला ते सुरतेच्या दलालाकडून आलं होतं. दलालाला कोणाकडून आलं ते त्यालाही सांगता येईना.

"हेमा, हे परत बोलावता येत नाही का गं?" नानांनी विचारलं.

"नाही, नाना," ती म्हणाली. "आता ते आपल्या हातात नाही."

नानांनी मान हलवली. जेवण जाईनासं झालं. रस्त्यानं कोणी फोनमध्ये बघून हसलं की यांचा जीव खालीवर. दिपमालाला आपणच फोन करून आधी सांगावं म्हणून रोज फोन हातात घ्यायचे आणि रोज ठेवून द्यायचे. काय सांगणार? कुठून सुरुवात करणार?

वर्षश्राद्ध चार दिवसांवर आलं असताना, दुपारी, काट्यावर ट्रॅक्टर चढत असताना, दिपमालाचा मेसेज आला. आधी स्टिकर. मग भराभर ओळी.

‘आबा!! हे तुम्हीच ना??’

‘आमच्या ऑफिसात बठ्ठे वापरतात. मी म्हटलं हे माझे वडील आहेत, तर कोणी खरं मानेना.’

‘माय असती ना, तर पोट धरधरून हसली असती.’

नाना बघत राहिले. बाहेर ट्रॅक्टरवाला हॉर्न मारत होता. कित्येक दिवसांत पोरीनं इतकं भरभरून लिहिलं नव्हतं. आई गेल्यापासून तिचं ‘जेवलात का’ आणि ‘हो’ यावर भागत होतं. तेवढ्यात आणखी एक ओळ आली.

‘पण आबा, खरं सांगा, एवढं तोंड करायला फोन होता तरी कोणाचा?’

नानांनी ‘तुझा’ लिहिलं. आणि खोडलं. पुन्हा लिहिलं आणि पुन्हा खोडलं. बोटाला अक्षरं सापडत नव्हती, आणि हॉर्न थांबत नव्हता.

‘साहेबांचा,’ त्यांनी शेवटी लिहिलं. ‘सुट्टी नाही म्हणाले. कुक्ड.’

दिपमालानं लगेच कवट्या पाठवल्या, एकापुढे एक, अख्खी ओळ भरून. या खेपेला नानांना त्यांचा अर्थ कोणाला विचारावा लागला नाही. त्यांनी फोन पालथा ठेवला आणि ट्रॅक्टरचं वजन घेतलं.