हवा धरू द्या

आमच्या मुरारीभावजींना एकच विद्या येते, मोटरीतली हवा काढायची. उमरठच्या आमच्या आळीत कुणाच्या मोटरीनं हवा धरली की पाणी चढत नाय, आणि पाणी चढलं नाय की पहिली हाक माझ्या या दिराला. हातातला घास टाकून पाना घेऊन पळत येतात. एवढा भला माणूस, आणि त्याच्यापायीच माझ्या घराला कुलूप लागायची वेळ आली होती. ऐका तर खरं.

माझा अनिल आणि सून सेजल मुंबई सोडून गावी आले ते कलिंगडं लावायला. भात कापल्यावर आमची शेतं पावसाळ्यापर्यंत नुसती तडकत पडतात. अनिलनं नदीवर मोटर बसवली, ठिबकच्या नळ्या अंथरल्या आणि मला सरळ सांगितलं, "आई, हे पीक आलं तर आपण हितंच. नाय आलं तर घराला कुलूप, आणि तू चल आमच्याबरोबर नालासोपाऱ्याला."

मेल्यानं महाडवरनं येताना कुलूप आणलं पण होतं. नवं कोरं, पितळी. ते देवाच्या फळीवर ठेवलं. रोज निरांजन लावताना ते बघून माझा जळफळाट व्हायचा. सासऱ्यांबरोबर दगड वाहून मी त्या शेताला बांध घातलाय. मी तिकडं चौथ्या माळ्यावर बसून काय करू, कबुतरं हाकू?

वेल पसरले आणि बघता बघता पिवळे पडायला लागले. अनिल बोलला, पाणी कमी पडतंय. त्यानं पाणी वाढवलं, वेल आणखी पिवळे. शेवटी सेजलनं एक वेल उपटला, मूळ नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं केलं.

"आई, वास घ्या. मुळं कुजतायत. पाणी भरपूर आहे, पण त्यांना श्वासच घेता येत नाही."

"मुळांना काय नाक असतं काय गो?" मी फणकारले.

पण पोरीचं खरं होतं. लावणीसाठी त्या शेतात आम्ही वर्षानुवर्षं चिखल तुडवतोय. तो वाळला की खाली फरशीच. पाणी मुरणार कुठं? मुळाशी साचून राहणार. भाताला ते चालतं, कलिंगडाचा जीव गुदमरतो.

आता मोटरीच्या पुढं पाइपाला व्हेंचुरी बसवलेली असते. तिची बारीक नळी खताच्या बादलीत सोडायची, की पाइपातलं धावतं पाणी खत आपोआप ओढून घेतं. सेजलनं फोनवर काय काय वाचलं, आणि ती नळी बादलीतून काढून नुसतीच मोकळी टांगली. खताच्या जागी पाणी आता हवा ओढायला लागलं. नळी 'स्स्स' करून वाजायला लागली. पाइपाचं टोक सोडून बघितलं तर आतलं पाणी ताकासारखं पांढरं.

"अगो, पाण्याचा सोडा केलास काय?"

"हो आई, मुळांना सोडा पाजायचाय," ती हसली.

आणि काय सांगू! वेलांचे शेंडे हिरवे झाले, नवी पानं फुटली, फुलं लागली. मी देवापुढं गूळ ठेवला आणि कुलपाकडं बघून नाक मुरडलं.

पण माझा गूळ मुंग्यांनीच खाल्ला म्हणायचा. वेल पुन्हा पिवळे पडायला लागले. सेजल बांधावर डोकं धरून बसली. तिचं काय चुकलं ते तिलाच कळेना. अनिल तरातरा निघाला. घरात गेला, फळीवरचं कुलूप काढलं आणि दाराच्या कडीत घालून चावी फिरवून बघितली. तो खटका ऐकला आणि माझं डोकंच फिरलं. रडू येत होतं, पण रडायचं तर शेतात जाऊन रडीन म्हणून मी चालू पडले.

मोटरीपाशी पोचले. मोटर चालू, पाणी चालू, पण काहीतरी कमी होतं. आवाज! 'स्स्स' कुठं गेलं? वाकून बघते तर नळीचं तोंड दुमडून त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गच्च आवळलेली. अशी झकास गाठ आमच्या आळीत एकच माणूस मारतो.

"मुरारीभावजीऽऽ!"

माझी हाक पोलादपूरच्या एस्टी स्टँडवर पण गेली असेल. भावजी पाना घेऊनच हजर. "काय वैनी, मोटरीनं हवा धरली काय?"

"ही नळी तुम्ही बांधलीत?"

"मंग! हवा खेचत होती ती. तुम्हां कुणाचं ध्यान नाय. मी जाता जाता बांधून टाकली." वर हसून बोलतात, "घरचंच काम, त्यात काय!"

मी त्यांच्या हातातला पाना हिसकावून घेतला. "अहो, जन्मभर हवा काढलीत, आता एकदा तरी धरू द्या! माझ्या वेलांचा गळा आवळलात की!"

तोवर सेजल धावत आली. तिनं समजावलं तसं भावजींचं तोंड एवढंसं झालं. त्यांनीच गाठ सोडली आणि नळीला कान लावला.

"स्स्स" झालं. "वैनी, ओढतेय गो, ओढतेय!" ते ओरडले, आणि मी आणि सेजल चिखलात उभ्या राहून रडलो पण आणि हसलो पण.

पुढं वेलांनी जी काय कलिंगडं धरली म्हणता! बांधावर पहिलं फोडलं तेव्हा आख्खी आळी जमली होती. आत लालभडक. महाडचा व्यापारी खातोय, भावजी खातायत, आणि भावजी त्याला सांगतायत की हवेचं सगळं काम आमच्याकडं आपणच बघतो.

एवढ्यात अनिल घरातनं कुलूप घेऊन आला. मी हातातली फोड खाली ठेवली. तो बांधावरनं उतरला, मोटरीपाशी गेला, व्हेंचुरीवर जाळीची पेटी बसवली आणि तिला ते पितळी कुलूप ठोकलं. चावी आणून माझ्या हातात दिली.

"आई, सांभाळ. काकांना देऊ नको."

भावजींच्या हनुवटीला बी चिकटलेली. "अरे पण मोटरीनं हवा धरली तर?"

"धरू दे!" आख्खी आळी ओरडली. माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.